आठ इंचांचा हट्ट आणि साडेसहा इंचांचं दार

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: कोल्हापूरच्या शाहूपुरीत राहणारे, गोकुळ शिरगावला नोकरीला जाणारे २८ वर्षांचे एक वाचक लिहितात: २०१८ ची हॅचबॅक आहे, वडिलांच्या नावावर. स्टिरिओवर ‘५० वॅट × ४’ असं छापलंय. पुढच्या दारांत साडेसहा इंची कंपोनंट सेट (वूफर आणि ट्वीटर वेगळे) आहे, सीटखाली ॲक्टिव्ह सबवूफर (खालच्या सुरांचा, स्वतःचा ॲम्प असलेला). तरी ‘नुसतं घुमतंय, ठोका बसत नाही’, आणि आवाज वाढवला की डाव्या दारात खडखड होते. दुकानदाराने तीन पर्याय दिलेत: दाराचा पत्रा कापून आठ इंची २५० वॅटचा मिडबास (ठोक्याचा स्पीकर), ९४ डेसिबलचा साडेसहा इंची ‘प्रो’ स्पीकर, किंवा साडेसहा इंचीच मिडबास, जो महाग आहे पण वॅट फक्त ८०. हातात २८ हजार आहेत. मित्र आठ इंचीवर अडून आहेत. वडील म्हणतात, गाडीला करवत लागणार नाही. २०२१ च्या पुरात गाडी एक दिवस पाण्यात उभी होती, हेही त्यांनी जाता जाता लिहिलंय. कोणता स्पीकर घ्यावा, आणि वडिलांना न सांगता काम उरकावं का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

उत्तर:

तुमच्या पत्रात तीन स्पीकर आहेत आणि तिघांमागे एकच गृहीत आहे: आत्ताचा स्पीकर कमी पडतोय. तसं असेलही. पण खडखड फक्त डाव्या दारात होते आणि ठोका दोन्हीकडून गायब आहे, या दोन गोष्टी वाचल्यावर पहिला संशय स्पीकरवर जात नाही. म्हणून खिशात हात घालण्याआधी एक संध्याकाळ गाडीत बसून काढा. खर्च शून्य.

सब बंद करा. ज्यात डग्गा, ढोलकी किंवा बेस गिटार ठळक आहे असं गाणं लावा. बॅलन्स पूर्ण डावीकडे न्या, मग पूर्ण उजवीकडे, मग मध्ये आणा. मध्ये आणल्यावर ठोका वाढायला हवा. उलट तो पातळ झाला, तर एका स्पीकरच्या वायरी उलट्या जोडल्या आहेत. एक कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. वरचे सूर तसेच राहतात, त्यामुळे गाणं ‘वाजतंय’ असं वाटतं आणि चूक वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. बाहेरचा स्टिरिओ बसवताना कपलरच्या (वायरी जोडायच्या सॉकेटच्या) रंगांचा घोळ झाला की हे हमखास होतं. खात्री करायची तर स्पीकरच्या वायरी स्टिरिओपासून सोडवा आणि भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल त्यांना क्षणभर टेकवा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लागला की कोन बाहेर उडी मारतो. दोन्ही दारं तपासा.

दुसरी तपासणी सेटिंगची. दारात खडखड होते म्हटल्यावर बसवणारा माणूस काय करतो? स्टिरिओच्या मेनूत जाऊन दारांचा हाय पास (ठरवलेल्या सुराखालचं सगळं अडवणारी चाळणी) १२० किंवा १५० हर्ट्झवर नेऊन ठेवतो. खडखड कमी होते, गिऱ्हाईक खूश. इकडे सबचा लो पास (ठरवलेल्या सुरावरचं अडवणारी चाळणी) ६० वर असतो. म्हणजे ६० ते १५० हा अख्खा पट्टा तुमच्या गाडीत कुणीच धड वाजवत नाही. आणि तुम्ही ज्याला ठोका म्हणता तो नेमका तिथेच राहतो. मिडबास म्हणजे साधारण ८० ते ३०० हर्ट्झ: डग्ग्याचा गोल आवाज, ढोलाची थाप, पुरुषी आवाजाचा पाया. सब त्याच्या खालचं घुमवतो. घुमणं आणि ठोकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सब कितीही मोठा घेतला तरी तो ठोक्याची जागा भरत नाही. दारांचा हाय पास ८० वर, उतार (हद्दीपलीकडचे सूर किती झपाट्याने कापायचे तो) शक्य तितका तीव्र (२४ डेसिबल असेल तर उत्तम), सबचा लो पासही ८० वर. मग सबवरचं फेजचं बटण (सबचा कोन सरळ हलायचा की उलटा, ते बदलणारं) ० आणि १८० दोन्हीवर दाबून पाहा. ड्रायव्हरच्या सीटवर बसून ज्यात ठोका भरीव वाटेल ते ठेवा.

एवढ्यानेच समाधान झालं तर २८ हजार वाचले. बहुधा निम्मं होईल, पूर्ण नाही. कारण आता खरी अडचण समोर येईल, ती म्हणजे दार.

घरातल्या स्पीकरला लाकडी खोकं असतं. गाडीतल्या स्पीकरचं खोकं म्हणजे तुमचं दार, आणि ते खोकं म्हणून बनवलेलंच नाही. डोअर पॅड काढलंत की आतल्या पत्र्याला तळहाताएवढी, कधी त्याहून मोठी भोकं दिसतील. काचेची यंत्रणा बसवायला कंपनीने ठेवलेली. त्यावर फक्त पातळ प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. कोन पुढे जातो तेव्हा पुढच्या हवेवर दाब येतो आणि मागे तेवढीच पोकळी होते. ही भोकं उघडी असली की मागची हवा त्यांतून आणि पॅडच्या फटींतून पुढे येते आणि पुढच्या दाबाला गिळते. वरच्या सुरांना याचा फारसा फरक पडत नाही, खालचे सूर मात्र दाराच्या आतच मरतात. अशा दारात ८० वॅटचा स्पीकर काय आणि २५० वॅटचा काय, उघड्या पातेल्यात वाफ धरण्यातला प्रकार.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवा. पॅड काढताना क्लिपा तुटतात, दहा-बारा जास्तीच्या आधीच आणून ठेवा. प्लास्टिकचा कागद आणि त्याखालचा काळा चिकट गम पूर्ण काढा, पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आता तुमच्यासाठी खास सूचना: पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या दारात तळाशी गाळ बसलेला असतो. तो वाळून ढेकूळ झालेला असू शकतो, आणि डाव्या दारातली खडखड ही स्पीकरची नसून त्या ढेकळाची किंवा गंजून सैल झालेल्या एखाद्या क्लॅम्पची असू शकते. हात घालून, बॅटरीच्या उजेडात आत नीट बघा. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायला दोन-तीन छोटी छिद्रं असतात, ती गाळाने बुजली असतील तर तारेने मोकळी करा. गंज दिसला तर घासून त्यावर प्रायमर मारा. हे न करता वरून शीट चिकटवणं म्हणजे गंज पाळणं.

मग बाहेरचा पत्रा. आतल्या भोकांतून हात घालून त्याच्या मोठ्या सपाट भागांवर २ मिलिमीटरची ब्युटाइल डॅम्पिंग शीट लावा, वर ॲल्युमिनियमचा थर असलेली. पूर्ण झाकायची गरज नाही. पत्र्याची थरथर रोखायला पाव ते एक तृतीयांश भाग पुरतो, त्यापुढे पैशाच्या मानाने फायदा घसरत जातो. शीट रोलरने दाबून बसवली पाहिजे, हाताने थापटून नाही. आणि एक जपा: छपराच्या गळतीला वापरतात ती डांबराची शीट स्वस्त म्हणून घेऊ नका. एप्रिल-मेच्या उन्हात ती ओघळते आणि बंद गाडीत वास मारते.

आतल्या पत्र्याची मोठी भोकं बुजवायची ती नुसत्या शीटने नाही. शीट मऊ असते, दाबाने ड्रमच्या कातड्यासारखी हलते. भोकाच्या आकाराचा १ मिलिमीटर ॲल्युमिनियमचा पत्रा कापा, कडेला ब्युटाइलची पट्टी द्या आणि स्क्रूने बसवा. चिकटवून टाकू नका, उद्या काचेची मोटर बिघडली तर मेकॅनिक तो फाडूनच काढेल. लॉकच्या सळ्या आणि केबल मोकळ्या हलतात ना, काच पूर्ण खाली-वर होते ना, हे प्रत्येक टप्प्यावर बघा. तळाची छिद्रं पुन्हा सांगतो, झाकायची नाहीत. शेवटी स्पीकरच्या पुढच्या कडेभोवती फोमची रिंग लावा, पॅड बसवल्यावर ती जाळीच्या मागे घट्ट दाबली जाईल इतकी जाड. ही रिंग नसेल तर स्पीकरचा निम्मा ठोका पॅडच्या मागे घुसतो आणि पॅडच खडखडायला लागतं. सगळ्यात स्वस्त वस्तू आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी.

दोन्ही दारं झाल्यावर जुनेच स्पीकर परत लावा आणि आठवडाभर ऐका. दोन-तीन बदल एकदम केले की कशाने काय सुधारलं ते कधीच कळत नाही. खडखड राहिलीच तर मोबाइलवर ४० ते ३०० हर्ट्झचा हळूहळू चढणारा सूर लावा, एकाने पॅडवर ठिकठिकाणी हात दाबायचा, दुसऱ्याने ऐकायचं. जिथे दाबल्यावर आवाज थांबतो तिथे फेल्टची पट्टी.

आता वॅट. तुमच्या स्टिरिओवरचे ५० वॅट कुठून आले ते सांगतो. इंजिन चालू असताना १४.४ व्होल्ट मिळतात, स्पीकर ४ ओमचा. व्होल्टचा वर्ग भागिले ओम, उत्तर जवळपास ५२. पण तो आकडा पूर्ण फाटलेल्या आवाजाचा आहे. स्वच्छ सुराला त्याच्या निम्म्याहून जास्त मिळूच शकत नाही आणि आतले तोटे धरता हातात १५ ते २० वॅट आरएमएस (सतत मिळणारी खरी ताकद) उरतात. ठोक्याला एवढं पुरत नाही. आणि दुकानदाराच्या ‘२५० वॅट’चं म्हणाल तर ती स्पीकरची सोसण्याची हद्द आहे, तो काही २५० वॅटचा आवाज काढत नाही. बरणीवर ‘५ किलो’ लिहिलं म्हणून त्यात लोणचं आपोआप भरत नाही. म्हणून दारानंतरचा पहिला खर्च स्पीकरवर नको, ७५ वॅट आरएमएसच्या फोर चॅनल ॲम्पवर करा. १८ वरून ७५ वॅटवर जाणं म्हणजे ६ डेसिबलची वाढ, कानाला लगेच कळणारी. त्याला ८ गेजची शुद्ध तांब्याची वायर, बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत ४० अँपिअरचा फ्यूज (तो ॲम्पसाठी नसतो, वायर पेटू नये म्हणून असतो) आणि अर्थिंगची वायर रंग खरवडून उघड्या पत्र्यावर. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर मिळाली तर एक-दोन मापं जाड घ्या. ॲम्पवरचा गेन (स्टिरिओकडून आलेला सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं बटण) हा आवाजाचा खटका नव्हे. स्टिरिओचा बास बूस्ट आणि लाउडनेस बंद करून व्हॉल्यूम पाऊण पट्टीवर ठेवा आणि आवाज फाटायच्या जरा आधी गेन थांबवा.

इतकं झाल्यावरही स्पीकर बदलावासा वाटला तर तुमचे तीन पर्याय बघू.

‘प्रो’ स्पीकर म्हणजे स्टेजच्या जातीचा. हलका कागदी कोन, ताठ सस्पेन्शन, ९४ डेसिबल, म्हणून थोड्या वॅटवर कडाडतो. पण त्याचा एफएस, म्हणजे ज्या सुराखाली तो थकायला लागतो तो आकडा, बहुतेकदा शंभराच्या आसपास किंवा वर असतो, आणि कोनची चाल दोन-तीन मिलिमीटर. हलगी त्यावर झकास कडकडेल, डग्गा पांगळा होईल. वरातीत दारं उघडी टाकून वाजवायचं असेल तर तोच घ्या, नाद खुळा. काच बंद करून रोज गोकुळ शिरगावपर्यंत ऐकायचं असेल तर नको. शिवाय कागदी कोनला पाणी न धरणारा लेप आहे का ते विचारा. आपल्याकडच्या पावसाळ्यात दारात ओल असतेच.

आठ इंचीचं म्हणाल तर मित्र अगदीच चुकत नाहीत. साडेसहा इंचीच्या कोनचं क्षेत्रफळ सुमारे १३५ चौरस सेंटिमीटर असतं, आठ इंचीचं सुमारे २१५. तेवढ्याच चालीत तो ४ डेसिबल जास्त देतो. पण किंमत मोजायची ती रुपयांत नाही. आतला पत्रा कापावा लागतो. काच खाली आल्यावर चुंबकाला लागते का, हे कापल्यावर कळतं. पॅडची जाळी साडेसहा इंचीची, म्हणजे आठ इंची स्पीकर तिच्यामागे गुदमरतो, मग पॅडही कापा. ज्या गाड्यांत बाजूच्या एअरबॅग आहेत त्यांतल्या काहींत धडक ओळखणारा दाबाचा सेन्सर पुढच्या दाराच्या पोकळीतच असतो. तिथे करवत चालवणं, किंवा त्याचं तोंड बुजवणं, म्हणजे एअरबॅगशी खेळ. डॅम्पिंग करण्यापूर्वीसुद्धा हे गाडीच्या पुस्तिकेत किंवा सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या. आणि मोठा कोन दाराला जास्त हलवतो, म्हणजे ज्याचं दार आत्ताच खडखडतंय त्याने तो आधी घ्यावा हे उलटं झालं.

उरला तो ‘फक्त ८० वॅट’वाला. माझा कल त्याच्याकडे आहे, पण डोळे मिटून नाही. दुकानात त्याचा माहितीचा कागद मागा आणि वॅट सोडून बाकीचं वाचा. एफएस ५५ ते ७५ हर्ट्झ. क्यूटीएस (कोनचं डोलणं किती आवरलं जातं ते सांगणारा आकडा) ०.४५ ते ०.८, हा आकडा ०.३ च्या आसपास असला तर तो स्पीकर मापाच्या खोक्यासाठी बनवलाय, दारात तो पातळ वाजेल. एक्समॅक्स, म्हणजे कोनची एका बाजूची सरळ चाल, साडेचार मिलिमीटर किंवा जास्त. हा आकडा महत्त्वाचा का, तर तेवढ्याच जोराचा सूर एक सप्तक खाली वाजवायला कोनला चौपट चालावं लागतं. हाय पास ८० ऐवजी ६० ला ठेवलात तरी चाल पावणेदोन पटीहून थोडी जास्त होते. कोन बाहेर येऊन ‘टक’ करणारे बहुतेक स्पीकर जास्त वॅटने नाही, या लोभाने मरतात. सेन्सिटिव्हिटी (ठरावीक वीज दिल्यावर किती डेसिबल आवाज निघतो तो आकडा) ८७ ते ९० पुरे, फक्त ती १ वॅटवर मोजली आहे की २.८३ व्होल्टवर ते बघा. ४ ओमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट, त्यामुळे दुसऱ्या पद्धतीचा आकडा ३ डेसिबलने फुगलेला असतो. कागदच नाही म्हणाले तर दुसरं दुकान. चुंबक हातात तोलून स्पीकर घेणं म्हणजे भोपळा वाजवून कलिंगड घेणं.

माप घ्यायचं ते काच पूर्ण खाली करून: आतल्या पत्र्यापासून काचेपर्यंतची खोली. ती ६२ मिलिमीटर भरली आणि स्पीकरला ७० लागत असतील तर घाबरू नका, १८ मिलिमीटरची स्पेसर रिंग दिली की ८० होतात आणि काचेपासून १० मिलिमीटर मोकळे राहतात. पाचाच्या खाली जाऊ नका. उलट बाजूने, रिंगमुळे पुढे आलेला कोन पॅडच्या जाळीला लागत नाही ना तेही बघा. रिंग एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची) नको. एका पावसाळ्यात ती फुगून पापडासारखी सुटते. आपल्या गावाला इथे मोठा फायदा आहे: उद्यमनगरात लेथची काय कमी? माप नेऊन दिलंत तर एचडीपीईची (टणक प्लास्टिकची) किंवा ॲल्युमिनियमची जोडी कुणीही काढून देईल. आतली मागची कड ४५ अंशांत तासून घ्या, म्हणजे कोनच्या मागची हवा अडणार नाही. ती कंपनीच्याच भोकांना बोल्टने बसवा. पत्र्यात घुसवलेले स्क्रू वर्षभरात सैल होतात. स्पीकरला पावसापासून वाचवायला मिळणारी फोमची वाटी पूर्ण घालू नका, तिने स्पीकरचा श्वास कोंडतो. खालचा अर्धा भाग कापून वरच्या अर्ध्याची छत्री करा.

पैशांची वाटणी मी अशी करेन: दारांवर पाच-सहा हजार, ॲम्पवर नऊ-दहा, वायरिंग, रिंगा आणि मजुरीला चार-पाच, आणि उरलेले सात-आठ हजार स्पीकरसाठी बाजूला. ते शेवटी खर्च करा. कदाचित लागणारही नाहीत.

वडिलांचं. न सांगता उरकायचा विचार आठ इंचीमुळे आला. पत्रा कापलेला लपत नाही आणि परत जोडता येत नाही. पण वर सांगितलेल्या कामात करवत कुठेच नाही. कंपनीची वायर न कापता कपलर ॲडॉप्टर लावा, मूळ स्पीकर आणि बोल्ट खोक्यात घालून माळ्यावर ठेवा. आणि वडिलांना पॅड काढलेल्या दारासमोरच उभं करा. पुराचा गाळ आणि बुजलेली छिद्रं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर, गाडीच्या भल्यासाठी दार उघडायलाच हवं होतं हे त्यांना पटायला वेळ लागणार नाही. आवाजाचं काम त्यात ओघाने होऊन जाईल. डॅम्पिंग केलेलं दार लागतानाचा तो जड ‘धप्प’ आवाज त्यांना स्पीकरपेक्षा जास्त आवडला तर नवल नाही.

काम कोरड्या दिवसांत काढा, ओल्या पत्र्यावर ब्युटाइल धरत नाही. आणि डोअर पॅड परत दाबून बसवण्याआधी काचेच्या बाहेरच्या रबरावरून तांब्याभर पाणी सोडा. ते दाराच्या खालच्या छिद्रांतून बाहेर आलं, आतल्या बाजूला थेंबही आला नाही, की मगच क्लिपा ठोका.